नेस्टाच्या बुटांचं माप

विल्फ ऑलरेनशॉला हॅदरसेज गावात कोण ओळखत नाही? स्टॅनेजच्या कड्यावर चढायला येणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायात त्याने विकलेले बूट असतात, आणि त्या निम्म्यांनी कधी ना कधी त्याला शिव्या घातलेल्या असतात. मी आर्नी. त्याच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चढाईच्या झिजलेल्या बुटांना नवे तळवे लावतो. चाळीस वर्षं होत आली. विल्फबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, आणि बोलताना थोडी लाजही वाटायला हवी.

विल्फ मनाने मोकळा, पण बुटाचं माप म्हटलं की हट्टाला पेटायचा. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापातून तो डोळे मिटून दीड वजा करायचा. बोटं आत मुडपली पाहिजेत, चेहरा वाकडा झाला पाहिजे, मग स्वारी खूश. "कातडं आहे, सैल पडेल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. बूट जितका घट्ट तितकी खडकावर पकड पक्की, असं तेव्हा आम्ही सगळेच मानायचो. कड्याखाली चहा पिताना काळीनिळी नखं एकमेकांना दाखवायची, आणि चढाईचे बूट घालून ज्याला धड चालता येतं त्याची टर उडवायची, ही आमची रीत. बूट सैल करून मागणारं माणूस मला एकच आठवतं. नेस्टा.

नेस्टा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. लग्न ठरलं तेव्हा विल्फने तिला अंगठीच्याही आधी चढाईचे बूट दिले. तिचं माप सहा, त्याने आणले साडेचारचे. चार उन्हाळे ती त्याच्यामागून दोराला बांधून घेऊन स्टॅनेज चढली. चढायची सुरेख, विल्फसारखी धसमुसळेपणाने नाही. मग एका रविवारी म्हणाली, "मला हल्ली उंचीची भीती वाटते. तू जा." त्यानंतर चौतीस वर्षं ती खाली गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसली आणि विल्फ ह्याच्या त्याच्याबरोबर चढत राहिला. दर वसंतात माझ्याकडे येऊन त्याचं तेच रडगाणं. "एकदा तरी यायला हवी रे नेस्टा. फार नाही, कड्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा चढलो ती वाट तेवढी."

उंचीची भीती! त्या बाईला कशाचीच भीती नव्हती. मला पक्कं माहीत होतं, कारण चढणं सोडायच्या महिनाभर आधी ती बूट घेऊन माझ्या खोलीत आली होती. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आर्नी, पुढून जरा सैल करून दे ना. विल्फला सांगू नकोस, किती हौसेने आणलेत त्याने." मी बुटात हात घातला. बोटांच्या जागी आतलं कातडं वाळलेल्या रक्ताने कडक झालं होतं. आणि मी शहाणा काय म्हणालो? "अगं, कातडं आहे, सैल पडेल." वर हसलो. ती बूट काखोटीला मारून निघून गेली.

गेल्या मार्चात थर्झा वूमर्सली नावाची बाई दुकानात आली. एकसष्ट वर्षांची, टपालखात्यातून निवृत्त झालेली.

"दिवसभर पायात राहतील असे बूट दाखवा," ती म्हणाली. "सोप्या वाटा, हॉलमधली सरावाची भिंत, बाहेरचा कडा, सगळीकडे चालेल असा एकच जोड."

"अहो बाई, तसे बूट म्हणजे घरातल्या सपाता," विल्फ म्हणाला. "बोटं मुडपल्याशिवाय—"

"मी अडतीस वर्षं पायी टपाल वाटलंय. माझ्या पायांचं मला कळतं. तुम्ही खोकी काढा."

मी मागच्या खोलीत खुदकन हसलो. बाई मुद्दाम दुपारी आली होती, कारण दिवस चढला की पाय फुगतात आणि खरं माप तेव्हाच कळतं. तिने सात जोड घातले. प्रत्येक जोड घालून ती बूट तपासायला भिंतीला ठोकलेल्या फळीच्या काठावर चवड्यांवर उभी राहिली. बोटं पुढे टेकायला हवीत पण सरळ राहायला हवीत, टाचेत पोकळी नको, असं स्वतःशीच पुटपुटत होती. शेवटी सपाट, जरा ताठ तळव्याचा, नाडीचा जोड घेतला, रोजच्या बुटांच्याच मापाचा. जाताना म्हणाली, "कुठे टोचतंय का, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

तीन आठवड्यांनी ती फोनवरचा फोटो दाखवायला आली. फोटोत ती कड्याच्या माथ्यावर बसून सँडविच खात होती. चढून गेली होती ती वाट विल्फ आणि नेस्टाची पहिली वाट.

"पाय दुखले नाहीत?" विल्फने विचारलं.

"का दुखतील?"

त्या दुपारी विल्फ माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. "आर्नी, नेस्टाला उंचीची भीती कधीच नव्हती ना रे?"

थाप मारता आली असती. मी सगळं सांगितलं. बूट, रक्त, माझं हसणं.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

त्याने समोरचा एक झिजलेला बूट उचलून आत हात घातला. "नाही," म्हणाला.

संध्याकाळी तो पाय मोजायची पट्टी घरी घेऊन गेला. पुढचं मला नेस्टाने सांगितलं. शेगडी पुसत होती, तर हा तिच्यासमोर जमिनीवर बसला, तिचा पाय हातात घेतला आणि विचारलं, "कुठे टोचतं?" तिच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलेलं होतं, ते त्याने म्हणे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "चौतीस वर्षांनी विचारतोय मेला," असं ती हसत सांगत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. माप आता साडेसहा निघालं. विल्फने पाच जोड घरी आणले. एकेक घालून तिने भांडी घासली, आणि ज्यात पायांचा विसर पडला तो जोड ठेवून घेतला.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिघं पहिल्या वाटेखाली उभे होतो. वारा नव्हता, खडक कोरडा होता. विल्फने माथ्यावर जाऊन दोर अडकवला, खाली आला आणि नेस्टाच्या कमरेची गाठ तीनदा तपासली. तिने पहिल्या खाचेत पाय ठेवला, मग दुसऱ्या. हात अजून तसेच, घाई नाही. तिसरी खाच कमरेच्या उंचीवर होती. पाय अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग आणखी एकदा.

"टोचतंय का गं?" विल्फने खालून ओरडून विचारलं.

"नाही रे. पाय छान आहेत." ती खडकाला गाल लावून उभी होती. "गुडघा वर येत नाहीये."

त्याने तिला हळूच खाली घेतलं. तिथून माथा अजून दोन मजले वर होता. चौतीस वर्षांपूर्वी ती बोलता बोलता तिथवर चढून गेली असती, आणि आम्हा दोघांनाही ते कळत होतं. नेस्टा गवतात बसली. विल्फ गुडघे टेकून तिच्या बुटांची नाडी सोडायला लागला.

"राहू देत," ती म्हणाली. "पहिल्यांदाच नीट बसलेत."

त्याने हात थांबवला, पण नाडी हातातच धरून ठेवली. मी दोर गुंडाळायला घेतला.