लालासाहेबांची न झालेली मुलाखत

कुठल्याशा दूरच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाने टीव्हीवर तासाभराची मुलाखत दिली आणि कराडपासून आठ-नऊ मैलांवरच्या एका गावात दूध डेअरीसमोर दोन तट पडले. तो देश नकाशात दाखवा म्हटलं असतं, तर निम्म्या लोकांनी बोट समुद्रात ठेवलं असतं. पण तिथे दीड वर्ष लढाई चालू होती, मुलाखतीचं हिंदी भाषांतर होऊन ती मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी येत होती आणि हे गाव पडलं फौजींचं. घरटी एक माणूस सैन्यात, नाहीतर सैन्यातून परत आलेला. त्यामुळे लढाई कुणाचीही असो, तिच्यावर बोलायचा हक्क आपल्याला आहे अशी गावाची ठाम समजूत.

सकाळी कॅन घेऊन माणसं रांगेत उभी राहिली की सुरू.

“वाघ हाय गड्या,” सुभेदार ज्योतिबा म्हणायचे. “एवढे आडवेतिडवे प्रश्न इचारले, पर पापणी लवली न्हाई त्याची.”

“कसला वाघ!” डेअरीचा सचिव धनाजी फॅटच्या मशीनवरची नजर न काढता म्हणायचा. धनाजीने उभ्या जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, त्यामुळे त्याचं मत सगळ्यांत पक्कं. “समदं नाटक. घसा कवा भरून आणायचा, ते बी आदी ठरल्यालं.”

भांडण खरं पेटलं ते एका प्रश्नावरून. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं होतं, लढाईत गेलेल्या जवानांच्या घरी तुम्ही स्वतः जाता का? तो म्हणाला, “सुरुवातीला जात होतो. आता जमत नाही.” एवढंच. निम्मं गाव म्हणालं, माणसानं राज्य चालवायचं का दारोदार फिरायचं? उरलेलं निम्मं म्हणालं, पोरं लढाईवर धाडताना बरं जमलं!

लालासाहेब या भांडणात पडले नाहीत. दूध घातलं, कॅन धुतला, घरी आले आणि खाटेवर बसून त्यांनी तेवढाच तुकडा परत लावला. तीन वेळा ऐकला आणि मोबाइल उपडा ठेवला. तो माणूस खरा की नाटकी, हे त्यांना ठरवता येईना. पण ‘जमत नाही’ म्हणजे काय, हे त्या गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लालासाहेब चोवीस वर्षं सैन्याच्या सिग्नलमध्ये, फोन-वायरलेसच्या कामावर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, तरी गाव त्यांना मेजर म्हणायचं. गाव सगळ्याच फौजींना मेजर म्हणतं, त्याला काही पैसे पडत नाहीत. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका दुपारी सरपंचाकडे फोन आला. गावचा एक मुलगा सीमेवर कामी आला होता. पलटणीची गाडी यायला संध्याकाळ होणार होती आणि त्याच्या आईला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मोठमोठे मिशावाले एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, “लाला, तू नवा हायेस. कोट घालून जा, मेडलं लाव. पोराचा मान राहील.”

लालासाहेब गेले. आणि एकदा गेले, म्हणून पुढच्या वेळीही तेच गेले. गावात एखादं काम असं कुणाच्या गळ्यात पडलं की ते त्याचंच होऊन बसतं. पंचवीस वर्षांत चार घरं झाली. निळा कोट, छातीवर मेडलं, डोक्यावर काळी टोपी. मोटारसायकलवरून जायचं नाही, चालत जायचं. सोबत कुणी नको. दारात उभं राहून पहिलं वाक्य ठरलेलं: “काय झालं न्हाई. घोटभर पाणी द्या.” पाणी त्यांना नको असायचं. पुढच्या क्षणी ते त्या बाईलाच लागणार असायचं आणि तेव्हा आत जाऊन तांब्या शोधायला कुणाला सुचत नाही, हे ते पहिल्याच घरी शिकले होते.

याचं व्हायचं तेच झालं. बायकांनी कोट ओळखला. एकदा एका लग्नात हौसेने तो घालून गेले, तर पंगतीत बसलेल्या दोघी-तिघींचा हात ताटातच थांबला. तेव्हापासून कोट ट्रंकेत गेला. सव्वीस जानेवारीला बाकीचे फौजी छाती भरून मेडलं लावायचे आणि लालासाहेब पांढऱ्या सदऱ्यात कडेला उभे राहायचे.

गेल्या दिवाळीत त्यांनी माजी सैनिकांच्या बैठकीत विषय काढला. म्हणाले, “अडुसष्ट झाली. आता हे काम कुनीतरी तरण्यानं घ्यावं.” सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा प्यायले आणि घरी गेले. काम जिथल्या तिथे राहिलं.

म्हणून कराडहून रेश्माचा फोन आला तेव्हा लालासाहेबांना ते देवाने धाडल्यासारखं वाटलं. रेश्मा मोबाइलवरचं एक बातम्यांचं चॅनल चालवायची. ‘त्या’ मुलाखतीवर फौजींच्या गावाला काय वाटतं, असा कार्यक्रम तिला करायचा होता. “काका, उद्या दहाला शाळेपुढे. मेडल लावून या हं, दिसायला पाहिजेत.”

त्या संध्याकाळी लालासाहेबांनी वहीत बरंच लिहिलं. तोफा, ड्रोन, रसद, सगळं. मग सगळ्यावर काट मारून खाली चार ओळी लिहिल्या. ‘त्या माणसाला नावं ठेवू नका. जमत न्हाई म्हणाला ते खरं हाय. मी चारच घरं केली. मला बी आता जमत न्हाई.’ कॅमेऱ्यापुढे हे एकदा बोललं की बोललं. मग गावाला ते काम पुन्हा त्यांच्या गळ्यात घालता आलं नसतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना एवढी गाढ झोप लागली नव्हती.

सकाळी ट्रंक उघडली. मेडलं ब्रासोने घासली. कोट बघून कुणी घाबरेल, ही शंका मनात आली नाही असं नाही. पण सरपंचाने गावच्या ग्रुपवर टाकलं होतं, ‘आज दहा वाजता शाळेपुढे मेजर लालासाहेबांची मुलाखत’, आणि खाली साठ-सत्तर अंगठे उमटले होते. सगळ्या गावाला कळलंय, मग भ्यायचं कशाला? त्यांची बायको बयाबाई लेकीच्या बाळंतपणाला कुपवाडला गेली होती. ती असती, तर तिने त्यांना उंबऱ्यातच अडवलं असतं. पण ती नव्हती आणि आरशात दिसणारा माणूस लालासाहेबांना बऱ्याच वर्षांनी बरा दिसला होता.

ते निघाले. चालत. एकटेच. समोरच्या गल्लीने.

लीलाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा जयराज बर्फातल्या चौकीवर. लीलाबाईंचा मोबाइल बटणांचा होता. त्यांना ग्रुप माहीत नव्हता आणि अंगठेही माहीत नव्हते. जयराजचा फोन येऊन पाच दिवस झाले होते, एवढंच त्यांना माहीत होतं.

त्यांनी मान वर केली. मांडीवरचं सूप कलंडलं आणि शेंगदाणे अंगणभर झाले.

“आवं भावजी,” त्या म्हणाल्या, “पुढं जावा. आमचं घर न्हवं ह्ये. पुढं जावा तुमी.”

आपण काय करून बसलो, हे लालासाहेबांना त्या क्षणी लख्ख कळलं. ते फाटकातून आत धावले. लीलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, त्यांना आधी सावरायला हवं होतं, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून नेहमीचंच वाक्य बाहेर पडतं, तसं झालं. “काय झालं न्हाई वैनी,” ते म्हणाले. “घोटभर पाणी द्या.”

मग जो हंबरडा फुटला, तो गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेला.

बायका जमल्या. लालासाहेब हात जोडून सांगत होते, मी मुलाखतीला चाललोय, जयराजचं काही नाही, आईची शपथ. लीलाबाई ऐकत नव्हत्या. “चारी घरात तुमी आदी हेच बोल्ला,” त्या म्हणत होत्या. “मला म्हाईत हाय, आदी न्हाईच म्हणता तुमी.” शेजारणींनी ग्रुपवरचा मेसेज वाचून दाखवला, तरी लीलाबाईंचं डोकं हलतच राहिलं. शेवटी शेजारणींनाही मनातून शंका यायला लागली.

आता एकच उपाय होता, जयराजचा आवाज. लालासाहेब ओट्यावर बसले आणि त्यांनी चोवीस वर्षांतलं शिकलेलं सगळं पणाला लावलं. जुन्या साथीदाराला फोन, त्याच्या ओळखीने पलटणीच्या एक्स्चेंजला, तिथून पुढच्या ठाण्याला. “होल्ड करा.” “लाइन खराब है.” “आधे घंटे बाद.” मध्येच रेश्माचे फोन येत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी उचलला आणि “आज न्हाई बाळ,” एवढं म्हणून ठेवला. तिने मग ज्योतिबांची मुलाखत घेतली. तिच्यात वाघ हा शब्द नऊ वेळा आला, आणि दोन दिवसांत लाखभर लोकांनी ती पाहिली म्हणतात. खाली एकाने लिहिलं होतं, ‘असे खरे फौजी आता राहिले नाहीत.’

पावणेबाराला लाइन लागली. लालासाहेबांनी मोबाइल लीलाबाईंच्या कानाला लावला.

“आई?” पलीकडून जयराज ओरडला. एक्स्चेंजमधून घरचा फोन आलाय म्हटल्यावर त्याचंही काळीज तोंडात आलं होतं. “आई, काय झालं? कोन गेलं?”

लीलाबाईंनी मोबाइल लालासाहेबांच्या हातातून घेऊन कानाशी दाबला.

“कोन न्हाई गेलं रं,” त्या म्हणाल्या. “जेवलास का?”

फोन संपला तशा जमलेल्या बायकांना वाचा फुटली, आणि सगळी लालासाहेबांवर फुटली. म्हातारपणी टीव्हीवर यायची हौस! जरा अक्कल पाहिजे माणसाला. लालासाहेबांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं. हळूहळू एकेक बाई चुलीची आठवण होऊन पांगली. अंगणात दोघंच उरली. लालासाहेब वाकून शेंगदाणे वेचायला लागले.

“ऱ्हाऊ द्या ते,” लीलाबाई म्हणाल्या. आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कोट अंगावर असताना कुणाच्या घरी लालासाहेबांनी कधी चहा घेतला नव्हता. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

“वैनी, चुकलो,” ते म्हणाले. “परत ह्यो कोट घालायचा न्हाई मी. आज सांगणारच हुतो समद्यांस्नी. हे काम माझ्याच्यानं आता...”

“भावजी,” लीलाबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. त्यांचा आवाज अजून बसलेलाच होता. “तुमास्नी फाटकातनं आत येताना बघितलं तवा मला काय वाटलं सांगू? पैल्यांदा वाटलं, तुमी मरावं. खरं सांगते. आन मग वाटलं, बरं झालं, ह्येच आले.”

लालासाहेबांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

“कोन तरी अनोळखी साहेब गाडीतनं उतरून सांगनार, त्यो मला वळखत न्हाई, पोराला वळखत न्हाई. तुमी त्याला खांद्यावर घिऊन जत्रा दावलीया. देव करो आन तसं कवा येऊ नये. पर आलंच, तर दुसरं कुनी नको. तुमीच यायचं. असंच, चालत.”

“असलं बोलू नगा वैनी.”

“बोलू द्या. येशीला का न्हाई, तेवढं सांगा.”

वहीतलं शेवटचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं. पाच शब्दांचं, खरं, कालपासून पाठ केलेलं. ते बोलायला याहून योग्य जागा आणि याहून योग्य वेळ दुसरी नव्हती. लीलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

“येईन,” लालासाहेब म्हणाले.

लीलाबाईंनी मान डोलावली आणि रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला.