पेला सांडणारे काका

"पाय बघायचे ताई, तोंड नाही. तोंड खोटं बोलते."

असं म्हणत काका काउंटरखालची किल्ली काढायचे. दोन-अडीच वर्षांचं पोर आईचं बोट धरून दुकानात शिरलं, की त्यांची नजर आधी त्याच्या पावलांवर जायची. टाचा उचललेल्या, अंगठे आत वळलेले दिसले, की हातातलं कापड अर्धवट टाकून ते उठायचे. "गिऱ्हाईक थांबते. हे थांबत नाही." मागच्या बोळात दुकानाचा संडास होता, त्याची ती किल्ली.

अंबरपेठेत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, साडीचे फॉल. आजोबा उदगीरकडची शेती सोडून हैदराबादेत आलेले, त्यामुळे काकांची मराठी घरची आणि तिच्यातले 'हौ' आणि 'नक्को' इथले. आम्ही नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलो तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती आणि डायपर नुकतंच सुटलं होतं. लहान मूल घेऊन तुम्ही कधी बाजारात गेला असाल, तर पुढचं सांगायला नको. घरून निघताना तीनदा विचारलं तरी "नाही आली". भाजीच्या ढिगापुढे पोचलं की "आई, शू". मग इकडे बघ, तिकडे बघ. पुरुषांना सगळ्या भिंती मोकळ्या, आपल्याला एक आडोसा मिळत नाही.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती अस्तर घ्यायला. मुलगी अवाक्षर बोलली नव्हती. काकांनीच किल्ली पुढे केली. "पयले पापाला नेऊन आणा." इकडे तेलुगूत लहान मुलीला पापा म्हणतात. आत जाऊन बघते तर पायाखाली घ्यायला बुटकं स्टूल, चिमुकला मग आणि खिळ्याला अस्तराचे धुतलेले तुकडे, पुसायला. माझ्या घरी एवढी सोय नव्हती.

शेजारचा भांडीवाला चिडवायचा, "सेठ, बोर्ड बदल दो, 'शौचालय' लिखो." काका म्हणायचे, "हौ, बदलतो. तुझ्या नातवालाच लिहायला बसवतो. रोज येतो तो इथं."

एकदा मात्र आम्हाला उशीर झाला. काउंटरसमोर, चार बायकांच्या देखत, मुलीच्या पायाखाली ओघळ आला. एक बाई "शी" म्हणाली. पोरीचा खालचा ओठ थरथरायला लागला. तेवढ्यात काकांनी कोपराने स्टीलचा पेला ढकलला. पाणी तिच्या फ्रॉकवर, त्यांच्या पायजम्यावर आणि दोन कोऱ्या ब्लाउजपीसवर.

"अरे रे! सगळं भिजवलं मी पापाला!"

मुलीने ओठ आवरला, कमरेवर हात ठेवले आणि त्यांनाच झापलं, "नीट धरायचं ना, काका!"

"हौ, चुकलं माझं."

पुढे कितीतरी दिवस ती घरी येईल त्याला सांगायची की त्या काकांना पेला धरता येत नाही.

मग माझ्या लक्षात आलं. काका स्वतः बाटलीने पाणी प्यायचे. पेला मात्र उजव्या हाताशी कायम भरलेला. मी विचारलं तर लाजले. "लहान माणसाला लई इज्जत असते ताई. मोठ्यांना वाटते, नसते." एवढं बोलून ते फॉलचा रंग जुळवायला लागले.

वर्षं गेली. मुलगी नववीत गेली. काकांचं कसलंसं ऑपरेशन झालं आणि दुकान मुलाने हातात घेतलं. काका क्वचित दिसायचे, वाळलेले, सावकाश चालणारे.

गेल्या वर्षी ते मला बँकेत दिसले. गर्दी होती. मी मागच्या रांगेतल्या खुर्चीवर, ते पुढच्या बाकावर, तिरपे. हाक मारणार तेवढ्यात ते उठून सिक्युरिटीवाल्याकडे गेले आणि हलक्या आवाजात काही विचारलं. तो मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वो स्टाफ का है चाचा, पब्लिक का नहीं."

काका परत येऊन बसले. मी त्यांचे पाय पाहिले. टाचा उचललेल्या होत्या, अंगठे आत वळलेले.

मला कळलं. त्यांनीच शिकवलं होतं, कळणार नाही कसं? उठायला हवं होतं, मॅनेजरच्या काचेवर थाप मारून भांडायला हवं होतं. एरवी मी भांडायला कुणाला ऐकत नाही. पण मनात आलं, म्हाताऱ्या पुरुषमाणसासाठी आपण हे कसं मागायचं? त्यांनाच लाज वाटेल. असा विचार करत मी बसून राहिले, आणि ते झालं.

पायजमा भिजत गेला. फरशीवर ओघळ आला. शेजारची मुलगी नाकाला ओढणी लावून उठली. काकांचा उजवा हात बाकावर बाजूला काहीतरी चाचपत होता. एकदा, दोनदा. तिथे काही नव्हतं.

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, भरलेली. मी मान खाली घालून मोबाईलकडे बघत राहिले.

जाताना ते सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "पोछा मार लेव बेटा, किसी का पाँव फिसलेगा." पिशवी पुढे धरून ते निघून गेले.

त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. दुकानात चौकशी केली तर मुलगा म्हणाला, "नाहीच म्हणतात. पाणी पण कमी करून टाकले. डॉक्टर ओरडते, ऐकत नाहीत."

माफी मागायची ठरवून मी त्यांच्या घरी गेले. बाथरूमच्या दाराजवळ त्यांची खुर्ची होती. "पापा कशी आहे? किती उंच झाली?" असं सगळं विचारलं. सुनेला मला पाणी द्यायला लावलं, स्वतः घेतलं नाही. मी शब्द जुळवत होते. "काका, त्या दिवशी बँकेत..." मी एवढंच म्हणाले.

"हौ, तुम्ही होता ना मागे," ते घाईने म्हणाले. "फोनवर होता तुम्ही. बरं झालं. काही दिसलं नसेल तुम्हाला."

आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांनी मला पाहिलं होतं. मी पाहत होते हेही पाहिलं होतं. माझी लाज निघू नये म्हणून त्यांनी पुन्हा एकदा पेला सांडला होता, आणि या वेळी मी चाळिशी ओलांडलेली होते.

"नाही काका," मी म्हणाले, "काहीच दिसलं नाही."

दोन महिन्यांनी ते गेले. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते पाणी सांडणारे काका?" तिला अजून खरं माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही.