धायरीच्या भट्टीपर्यंत येणारी जहाजं

वर्ध्याहून रात्रभर प्रवास करून पुण्यात उतरले, तेव्हा धाकट्या बहिणीकडे चार दिवस आराम करायचा आणि ताजी खारी खायची, एवढाच बेत होता. धायरीत सुनंदाची आणि तिच्या नवऱ्याची, प्रकाशरावांची, बेकरी आहे.

बसमध्ये शेजारणीशी बोलण्याच्या नादात एक थांबा पुढे गेले. मागे चालत येताना पारावरच्या आजोबांना बेकरी विचारली.

"म्होरंच हाय की. पर आज वास न्हाई आला," ते म्हणाले.

भट्टी खरंच थंड होती. प्रकाशराव रिकामे ट्रे पुसत बसले होते. सुनंदाने पिठलं-भाकरी वाढली आणि हळूच सांगितलं, "ताई, संध्याकाळी भट्टी विकत घ्यायला माणूस येतोय." पाइपने येणाऱ्या गॅसचा दर इतका चढला होता की पाव भाजून हाती काही उरत नव्हतं.

"थंडी युरोपात पडते आणि बिल मला येतं," प्रकाशराव म्हणाले. "ना ओळख, ना पाळख."

दुपारी भाची मुग्धा कोथरूडहून आली. तिचं ऑफिस कारखान्यांसाठी गॅस विकत घेतं. तिने लॅपटॉपवर नकाशा उघडला. समुद्रात ठिपके सरकत होते. गॅस अतिथंड करून, त्याचा द्रव करून नेणारी ती जहाजं.

"पूर्वी पाइप जिथवर, तिथवरच बाजार असायचा, मावशी. आता जो जास्त देईल त्याच्याकडे जहाज वळतं. म्हणून तिकडची थंडी इथे बाधते." मग ती वडिलांना म्हणाली, "पण बाबा, हे उलटंही चालतं. तिकडचा हिवाळा सरत आलाय, विकणारे देश वाढलेत. भाव उतरायला लागलेत. भट्टी एकदा गेली की पुन्हा उभी राहणं कठीण आहे."

प्रकाशरावांनी वही काढली आणि उतरत्या दराने पावाचा हिशेब पुन्हा मांडला.

संध्याकाळी भट्टी घेणारे, पेठेतले एक गृहस्थ, वेळेवर आले.

"विचार बदललाय," प्रकाशराव म्हणाले. "आपल्याला उगाच हेलपाटा पडला."

"पडला खरा. निदान खारी तरी द्या."

"उद्या सकाळी मिळेल."

"म्हणजे आणखी एक हेलपाटा," असं म्हणून ते गेले. सकाळी मात्र ते दारात हजर होते. आत निळ्या ज्योती पेटल्या होत्या आणि सुनंदा पीठ मळता मळता गुणगुणत होती.

भाव पुन्हा चढतील, हे मी वर्ध्याला निघताना प्रकाशरावांनीच मला सांगितलं. तरी त्यांचा चेहरा मोकळा होता. घरी आल्यापासून एक झालंय. बातम्यांत कुठल्या दूरदेशी बर्फ पडल्याचं सांगितलं की हातातलं काम थांबवून मी ऐकते. ती गावं मी कधी पाहणार नाही. पण तिथल्या घरांत ऊब पुरेशी असावी, असं मनापासून वाटतं. आणि ते आता नुसतं धायरीसाठी वाटत नाही.