राहूच्या गुऱ्हाळावर, टाकीच्या तळाशी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता पोटात मावत नाही म्हणून सांगतोय – तुम्ही तरी काय करणार ऐकून?

राहू गावात माझ्या मामांचं गुऱ्हाळ आहे. उसाचा चरक डिझेल इंजिनवर फिरतो. त्याचा काळा धूर थेट रस उकळायच्या काहिलीपर्यंत यायचा, मामी खोकून बेजार व्हायच्या. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. बायोडिझेलमध्ये पाण्याचे बारीक थेंब घुसळले की धूर कमी होतो – हाच माझा प्रोजेक्ट. पण पाणी म्हटल्यावर मामांनी मला इंजिनाजवळ फिरकू दिलं असतं का? म्हणून पाण्याचं बोललोच नाही. तळणाच्या तेलाचं इंधन आहे म्हणालो. धूर खरंच उतरला. मामा त्या पांढऱ्या इंधनाला कौतुकानं ताक म्हणायचे.

ते ताक बरेच दिवस तसंच ठेवलं तर पाणी तळाला बसतं. मला ठाऊक होतं. तरी गप्प राहिलो.

पुढं चरक मोडला, गुऱ्हाळ काही दिवस बंद राहिलं. मी शिरूरला, कॉलेजच्या गडबडीत. पुन्हा सुरू केल्यावर इंजिनानं आचके दिले आणि पंप जाम झाला. मामांनी मला बोलावून घेतलं. टाकीच्या तळाचा बोल्ट मीच काढला – नुसतं पाणी!

सगळे रामदीनकडे वळले. इंजिन तोच चालवायचा. टाकीतलं तेल चोरून पाणी भरलं – परमुलखातल्या माणसावर असा संशय घ्यायला कितीसा वेळ लागतो?

"तुज्या त्या तेलात पानी असतंय का रं?" मामांनी मला विचारलं.

"न्हाई, मामा."

"भैया, आप ही बताओ ना इनको," रामदीन म्हणाला. शिकलेला माणूस खरं सांगेल, असं वाटलं असेल त्याला. मी बोल्ट पुसत राहिलो.

त्याच दुपारी बायको, तान्हं पोर आणि भांड्यांचं गाठोडं घेऊन तो तळेगाव ढमढेरेला जाणाऱ्या जीपमध्ये बसला. तिकडच्या गुऱ्हाळांवर बातमी त्याच्या आधी पोचली होती. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधलंच नाही.

मी कशाला भ्यालो? मामा रागावले असते, चार दिवस बोलले नसते – आणि मग जेवायला बसवलं असतं. बस, एवढंच झालं असतं! एवढ्यासाठी मी एका माणसाला चोर ठरवलं.

आजही गुऱ्हाळावर नवा कामगार आला की मामा त्याला माझ्यासमोर उभा करतात. "डिझेलला हात लावू नगं. ह्या आमच्या भाच्यानं एकाला पकडलंय," म्हणतात.

आणि मी मान हलवतो.