साडेसातची परवानगी

माझ्या बायकोच्या सख्ख्या मामांनी उभ्या आयुष्यात कुणाची परवानगी म्हणून मागितली नाही. नोकरीची दोन वर्षं शिल्लक असताना ते स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन घरी आले आणि पानावर बसताना मामींना म्हणाले, "उद्यापासून डबा नको." पुढे हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात एवढंच कळलं की दोन दिवस डबा पुन्हा हवा, फक्त तो दवाखान्यात पोचवायचा. मामी हयात होत्या तोवर हसून म्हणत, "ह्यांच्या मनातलं मला शेजारणींकडून कळतं." त्या गेल्यावर तर मामांना विचारणारंही कुणी उरलं नाही.

मात्र दुसऱ्याने न विचारता पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. त्यांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली. रत्नागिरी जिल्हाभर हिंडून लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड रोवायचे, भावाभावांची भांडणं उन्हात उभं राहून ऐकायची. निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. पडवीत खडूची रेघ आली आणि चपला तिच्या पलीकडे गेल्या. चष्म्याची जागा ठरली, वर्तमानपत्राची ठरली, मांजराचीसुद्धा ठरली. मांजराने ती पाळली, पाहुण्यांनी पाळली नाही, म्हणून मामांचं मत मांजराबद्दल जास्त बरं होतं. आमचं घर त्यांच्या समोरच, मधे फक्त जांभ्या दगडाचा गडगा. आमच्या फणसाची एक फांदी त्यावरून पलीकडे गेलेली आहे. दरवर्षी मामा येऊन गंभीरपणे सांगायचे, "जावईबुवा, तुमचा एक फणस आमच्या हद्दीत आलाय. काढून न्या." आम्ही तो काढून आणला की अर्ध्या तासाने निरोप यायचा, गरे कडक कापे निघाले की मऊ बरके, आणि कापे असतील तर थोडे पाठवा. एकदा कायम झालेली हद्द हलवायची नाही, हे त्यांचं ब्रीद होतं. गऱ्यांना ते लागू नसावं.

अशा माणसाच्या घरात सात वर्षांची नात येऊन पडली. टाळेबंदी लागली तेव्हा मुलगा आणि सून दोघेही मुंबईत अडकलेले, कामं चालू, घर दोन खोल्यांचं. "पंधरा दिवस ठेवून घ्या" म्हणून कुणाच्या तरी गाडीतून मनूला रत्नागिरीला पाठवलं. पंधरा दिवसांची पाच वर्षं झाली. पहिले काही महिने ती आईसाठी उशीत तोंड खुपसून रडायची आणि मामांना रडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. मग ते तिला स्कूटरवरून आरे-वारेच्या किनाऱ्यावर न्यायला लागले. तिथे छत्रीच्या टोकाने वाळूत रेघ ओढायचे. "मनू, या रेघेपुढे जायचं नाही." लाट यायची, रेघ घेऊन जायची. मामा दोन पावलं मागे सरून दुसरी ओढायचे. भरतीची वेळ असली की आजोबा आणि नात रेघा ओढत ओढत थेट सुरूच्या झाडांपर्यंत येत. मी एकदा म्हटलं, "मामा, इथे तुमची हद्द हलते की." ते म्हणाले, "समुद्राची मोजणी आमच्या खात्याकडे नव्हती."

मनू सहावीत गेली आणि शाळेचा अभ्यास फोनवर यायला लागला. मामांनी एकाच दुकानातून, एकाच जातीचे, एकाच काळ्या रंगाचे दोन फोन आणले, एक तिला आणि एक स्वतःला. मुलांच्या फोनवर पालकांना पहारा ठेवता येतो हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर मामींच्या माहेरचे परत गेले तेव्हाच पाहिला होता. तीन दिवस पडवीत बसून, वही उघडी ठेवून त्यांनी एका फोनवर पालक आणि दुसऱ्यावर मूल अशी नोंद केली. मुलाचा फोन दिवसाला एक तास चालणार, दिवेलागणीनंतर साडेसातला बंद होणार. वयाला न शोभणारं काही दिसणार नाही. जास्त वेळ हवा असेल तर पालकाकडे मागायचा, पालकाने मंजुरी दाबली तरच फोन उघडणार. सगळं पक्कं झाल्यावर शेवटी सिम घालायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चौथ्या दिवशी चार्जिंगवरून उचलताना फोनांची अदलाबदल झाली. मामांनी स्वतःचं सिम मुलाच्या फोनमध्ये घातलं आणि नातीचं पालकाच्या.

त्याच संध्याकाळी मामा बातम्या ऐकत असताना साडेसातला फोन गप्प झाला. पडद्यावर ओळ आली, "मनू, आजची वेळ संपली. आणखी वेळ हवा असेल तर पालकांना विचार." मामांनी रागाने बोट दाबलं. आत गणित सोडवत बसलेल्या मनूचा फोन वाजला, "मनूला आणखी वेळ हवा आहे. द्यायचा का?" ती फोन घेऊन बाहेर आली. "आबा, मी तर काही मागितलं नाही."

मला बोलावणं आलं. प्रकार लक्षात आल्यावर मी म्हटलं, "सिमं बदलू, दोन मिनिटांचं काम आहे." पण मनू पडवीच्या खांबाला धरून हसत होती. हसता हसता खाली बसली, पुन्हा उठली, पुन्हा हसली. ती त्या घरात आल्यापासून तिला असं हसताना आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. मामा तिच्याकडे बघत मला म्हणाले, "राहू दे. मोजणी बरोबर आहे, फक्त कब्जेदार बदललेत. एकदा कायम झालेली हद्द हलवायची नाही." मनूच्या फोनवर त्यामुळे काहीच पहारा उरला नाही. त्यावर तोड म्हणून त्यांनी पडवीतल्या फळीवर खडूने एक चौकोन आखला. अभ्यास संपला की तिचा फोन त्यात राहायचा, त्यांच्या नजरेसमोर.

मग त्या घरात एक दृश्य रोजचं झालं. साडेसात वाजले की पंचाहत्तरीकडे झुकलेला हा माणूस फोन हातात घेऊन नातीच्या टेबलाशी उभा राहायचा.

"मनू, हे जरा उघडून दे गो."

"कशाला हवंय?"

"बातम्या बघायच्यात."

"प्रेशरची गोळी घेतलीत?"

"घेतो."

"आधी घ्या."

मामी वीस वर्षं हातात पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यामागे फिरल्या होत्या, तेव्हा गोळी खिडकीतून अबोलीच्या कुंडीत जायची. आता ती पोटात जाऊ लागली. मुलांच्या वयाला न शोभणाऱ्या बऱ्याचशा बातम्या फोन दाखवत नसे, म्हणून मामा हत्तीच्या पिल्लाची चित्रफीत बघत. आईपासून चुकलेलं ते पिल्लू पुढच्या भागात सापडेल का, याची त्यांना काळजी लागलेली असायची आणि ती ते मला गडग्यावरून बोलून दाखवायचे. आम्ही त्यांची पुष्कळ चेष्टा केली. आज वाटतं, थोडी कमी करायला हवी होती.

सातवी संपली आणि मुलाने मनूला मुंबईला नेलं. त्यात वावगं काही नव्हतं. आईबापाची पोर, ती आईबापाकडे जाणारच. मामाच म्हणाले, "वेळेवर नेताय, चांगलं करताय." ती जाताना त्यांनी तिचा फोन फळीवरून उचलून स्वतः तिच्या पिशवीत ठेवला. चौकोन मात्र पुसला नाही.

आठवड्याभराने मी समोर गेलो. मला वाटलं, आता तरी फोन सरळ करून द्यावा, म्हणून तो हातात घेतला. "मामा, तुमच्या मुलाला सांगतो, मनूच्या फोनवरून मुंबईहूनसुद्धा बंदी काढता येईल." त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्यांचं ठरलेलं वाक्य येईल म्हणून मी थांबलो, पण ते दुसरंच बोलले. "फोन लावला की ती म्हणते बरी आहे, मी म्हणतो बरा आहे. पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नाही, जावईबुवा. पण संध्याकाळी मी मागतो आणि ती देते, तेव्हा मला कळतं की पोर घरी आलीय, बसलीय, फोन हातात घेतलाय. आणि ती लगेच देत नाही. आधी लिहिते, गोळी घेतली का."

सुरुवातीला मंजुरी मिनिटाच्या आत यायची. पावसाळ्यात ती सव्वाआठला यायला लागली. "शिकवणी असते तिला," मामा सांगायचे. गणपतीनंतर कधी कधी ती सकाळी यायची आणि गोळीचं विचारणंही मागे पडलं होतं. "नवीन शाळा, नव्या मैत्रिणी. एवढी कामं असतात मुलांना हल्ली," असं म्हणून मामा बंद फोन मांडीवर घेऊन पडवीत बसून राहायचे. मी तिथे असलो तर घड्याळाकडे बघायचं टाळायचो.

दिवाळीत मामांची पंचाहत्तरी केली. मुलगा, सून, मनू, आम्ही सगळे जमलो होतो. मनूची उंची वाढली होती. ओवाळून झाल्यावर तिने स्वतः रंगवलेलं एक कार्ड मामांच्या हातात दिलं. त्यावर समुद्र होता आणि वाळूत एक रेघ होती. मग ती म्हणाली, "आबा, खरी भेट तुमच्या फोनमध्ये आहे. उघडा." मामांनी फोन उघडला. पडद्यावर लिहिलं होतं, "या फोनवरची पालकांची देखरेख संपली आहे."

"मी काढून टाकली," मनू म्हणाली. "मला उशीर झाला की तुम्ही बसून राहता ना, त्याचं मला इतकं वाईट वाटायचं. आता कुणाला विचारायला नको. कितीही वेळ बघा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या. मामा ती ओळ दोनदा वाचून तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "छान केलंस हो." त्या दिवशी त्यांनी श्रीखंड नुसतं पानात वाढून घेतलं, त्याला बोटही लावलं नाही.

मुंबईची मंडळी गेल्यावर तिसऱ्या संध्याकाळी मी समोर गेलो. मामा पडवीत होते, फोन चालू होता, हत्तीचं पिल्लू कुठल्याशा नदीकाठी उभं होतं. साडेसात वाजले. मामांनी स्वतःच्या हाताने फोन बंद केला, फळीवरच्या त्या चौकोनात ठेवला आणि परत येऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "जावईबुवा, तुमच्या फोनवरून माझ्यावर तसा पहारा ठेवता येईल का हो?"

आयुष्यात त्यांनी मला केलेली ती पहिलीच विनंती. मी घाईघाईने खिशातून फोन काढला. "येईल की. आत्ता करतो."

त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "नको, असू दे. तुम्ही समोरच राहता."

मी फोन खिशात ठेवला. घरी जायला उठलो तरी पाय निघेना, म्हणून दाराशी थांबून विचारलं, "मामा, गोळी घेतलीत?"

"घेतो," ते म्हणाले.

पुढचे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण ते मनूचे होते, म्हणून मी चपला घालून गडगा ओलांडून घरी आलो.