डोक्याला करंट

अंग दुखतं म्हणजे नेमकं कुठं, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. कुठं नाही दुखत ते विचारा ना. मान, खांदे, कंबर, मांड्या, चार वर्षं सगळं ठणकत होतं. रिपोर्ट मात्र नॉर्मल. घरातले खूश व्हायचे आणि मला रडू यायचं. मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, "काय वं, रिपोर्टात काही नाही अन् तुला उठवत नाही?"

मी आमच्या गावातल्या शनवारा चौकाजवळच्या शाळेत दहावीला गणित शिकवते. त्या वर्गापायीच मी सकाळी अंथरुणातून उठत होते, नाहीतर कधीच आडवी झाले असते.

शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं खरं आहे, मेंदू त्याची वर्दी गरजेपेक्षा मोठ्यानं देतोय. त्यांच्या सल्ल्यानं इथल्याच फिजिओथेरपीच्या मॅडमनी उपचार ठरवले. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डोक्यावर, एक कपाळावर, त्यातून अगदी बारीक करंट, आणि त्याच वेळी जागच्या जागी सायकल मारायची. करंट नुसता मेंदूला तयार करतो, खरं काम व्यायामाचं, असं त्या म्हणाल्या.

रोज शेवटचा तास सोडावा लागणार म्हणून मी अर्ज दिला. शाळेचं कामकाज हिंदीत. योग्य शब्द सुचेना, सरळ लिहिलं, ‘दिमाग में करंट देने का इलाज’. झालं. ऑफिसातल्या बाबूंनी रजिस्टरात त्याचं शुद्ध हिंदी केलं: ‘मानसिक रोग, बिजली के झटके’.

इकडे स्पंजाखाली मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, तेवढंच. पहिल्या दिवशी चार मिनिटांत धाप लागली. तिसऱ्या आठवड्यात मी पंधरा मिनिटं सायकल मारत होते. आणि तिकडे स्टाफरूममध्ये बायका माझ्याशी तान्ह्या लेकराशी बोलावं तसं बोलू लागल्या.

मग प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. "मॅडम, दसवीं किसी और को दे देते हैं. आप लाइब्रेरी में आराम से बैठिए."

घरी आले तर हेही म्हणाले, "बरंच झालं की. आराम मिळेल तुला."

"अहो, आराम करूनच आखडले मी," मी म्हणाले. इतका राग आला होता की भाजी करपली. करपलेलीच वाढली.

दुसऱ्या दिवशी आधी बाबूंना गाठलं. "काटिए इसे. बदन दर्द लिखिए." ते म्हणाले, रजिस्टर में काटते नहीं. म्हटलं, मग त्याच्या खाली लिहा, मी उभी आहे. त्यांनी लिहीपर्यंत हलले नाही. मग डॉक्टरांची चिठ्ठी सरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आप पढ़ लीजिए सर, तब तक मैं क्लास लेती हूँ."

वर्गात नव्या मॅडम पुस्तक उघडून तयार होत्या. बिचारीचा काय दोष? मी खडू मागितला. त्यांनी दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

दुखणं गेलं होतं असं कुणी समजू नये. खांदा ठणकत होता. म्हटलं, ठणक बापा. दोन वर्षं मी फळ्याच्या निम्म्यापासून खालीच लिहीत आले होते. त्या दिवशी टाचा उचलल्या, हात वर नेला आणि पहिलं समीकरण अगदी वरच्या कडेला लिहिलं.