दारात झोपलेला वाघ

सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, ओली जुडी सोडली की मी अजूनही बेचैन होते. वलगावच्या घरी आमचं एकुलतं एक चित्रांचं पुस्तक होतं, त्याला हाच वास. अमरावतीच्या बाजारात भाजी विकून येताना मायनं ते टोपलीतून आणलं होतं. शेवटच्या चित्रात गोष्टीतल्या म्हातारीच्या दारात वाघ डोळे मिटून पडलेला. "भाकर खाल्ली आन् झोपून राहिला," माय सांगायची.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. त्याच गोष्टीचा सिनेमा अमरावतीला तंबूत लागला. पडद्यावर शिकाऱ्यानं बंदूक झाडली आणि वाघ दारात कोसळला.

"खोटं हाये!" मी किंचाळले. लोक हसले. मायनं मला ओढत बाहेर आणलं.

"माय, वाघाले कावून मारलं?"

"त्यायले चित्र समजलंच नाही," ती म्हणाली आणि घरापर्यंत झपाझप पुढं चालत राहिली. मला वाटलं, सिनेमावर चिडली. आता तसं वाटत नाही.

पुढं मी शाळेत गेले. आमच्या घरात वाचायला शिकलेली पहिली मीच. एकदा ते पान उघडलं. चित्राखाली लिहिलं होतं : वाघ मेला.

चुलीपाशी बसलेल्या मायनं विचारलं, "काय लिवलं हाये वं?"

"भाकर खाल्ली," मी बोट फिरवत वाचलं, "आन् झोपून राहिला."